वाऱ्यासाठी कापलेले रस्ते

मुंबईस गिरगाव चौपाटीच्या बाजूने निघालेला एक रस्ता प्रार्थना समाज आणि गोल देऊळ यांवरून पूर्वेस डोंगरीपर्यंत जातो. आज त्याचे नाव सरदार वल्लभभाई पटेल मार्ग असे आहे. जुन्या पिढीच्या तोंडी तो सँडहर्स्ट रोड होता. त्याच्या दक्षिणेस मरीन लाईन्सपासून काळबादेवीकडे जाणारा आणखी एक रस्ता आहे. तो प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग. औषधांच्या घाऊक दुकानांमुळे त्याचे नाव साऱ्या शहरास ठाऊक आहे. या दोन्ही रस्त्यांवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. परंतु हे रस्ते केवळ माणसांच्या आणि गाड्यांच्या सोयीसाठी काढलेले नाहीत, याची जाणीव त्यांतील फार थोड्यांना असेल. शहराच्या कोंदट पोटात समुद्रावरचा वारा शिरावा, हा ते काढण्यामागचा एक प्रमुख हेतू होता. वाऱ्याला वाट मिळावी म्हणून एका मोठ्या शहराने आपली भरवस्ती कापून काढली, याचा हा इतिहास आहे. आणि तो वारा अखेर कोणाच्या खिडकीपर्यंत पोहोचला, हा त्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

मुंबई बेटाची ठेवण अशी, की ते दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद आहे. पश्चिमेस खुला अरबी समुद्र आणि पूर्वेस बंदर. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यावयास समुद्रावरील थंड हवा किनाऱ्याकडे धाव घेते. हेच खारे वारे होत. रात्री जमीन लवकर निवते आणि हा क्रम उलटतो. तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. मुंबईत हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचा वारा बहुधा पश्चिमेकडून वा वायव्येकडून येतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येचा असतो. म्हणजे वर्षातील बराच काळ या शहराचा श्वास पश्चिमेच्या बाजूने चालतो. निसर्गाने एवढी सोय केलेल्या शहरात माणसे हवेवाचून गुदमरावीत, हे नवल खरे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके तेच घडले.

याचे एक कारण रस्त्यांच्या दिशेत होते. इंग्रजांचा कोट बेटाच्या दक्षिण टोकाकडे होता. १८०३ मध्ये कोटाला मोठी आग लागली आणि त्यानंतर कोटाबाहेरील वस्ती अधिकच वाढत गेली. ती वाढली उत्तरेकडे. व्यापाऱ्याला, हमालाला, गाडीवानाला कोटाकडून उत्तरेस जावयाचे असे आणि उत्तरेकडून पुन्हा कोटाकडे यावयाचे असे. त्यामुळे गिरगावचा रस्ता, काळबादेवीचा रस्ता, भेंडीबाजारावरून परळकडे जाणारा रस्ता असे जे मोठे रस्ते पडले, ते बहुतेक दक्षिणोत्तर पडले. पूर्वपश्चिम दिशेने होत्या त्या वाकड्यातिकड्या गल्ल्या. वारा पश्चिमेकडून येणारा, तर घरांच्या रांगा त्याच्या आड उभ्या. पश्चिमेची पहिली रांग वारा खाई आणि तिच्यामागच्या रांगांना उरलासुरला झोत मिळे.

दुसरे कारण घरांच्या बांधणीत होते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढल्या, गोद्या वाढल्या, रेल्वे आली. कोकणातून आणि देशावरून माणसांचा लोंढा लागला. १८६२ पासून कोटाच्या भिंती पाडावयास आरंभ झाला, त्यामुळे दक्षिणेचा भाग मोकळा झाला. परंतु मांडवी, चक्ला, भुलेश्वर, कुंभारवाडा, कामाठीपुरा या भागांत दाटी वाढतच राहिली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. जमीन महाग म्हणून घरांचे दर्शनी अंग अरुंद आणि खोली फार. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या घराला जवळजवळ लागलेल्या. मालकाने मजल्यावर मजला चढवावा आणि प्रत्येक मजल्यावर मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही अंगांस खोल्या काढाव्यात, अशी तऱ्हा. पुढच्या खोलीला रस्त्याची खिडकी मिळे, मागच्या खोलीला मागची. मधल्या खोल्यांना दाराखेरीज उघडे अंग नसे. तेथे भर दुपारी दिवा लावून स्वयंपाक होई.

दोन घरांमध्ये जी चिंचोळी फट ठेवलेली असे, तिला मुंबईत घरगल्ली म्हणतात. ती काही फूट रुंद असे आणि तिचा उपयोग संडासांची घाण काढण्यासाठी आणि मोऱ्यांचे पाणी वाहून जाण्यासाठी होई. कागदोपत्री ही हवेची वाट होती. प्रत्यक्षात तिच्यावर उघडणारी खिडकी लोक दुर्गंधीमुळे बंद ठेवीत. खिडकी असूनही हवा नाही, अशी ती अवस्था होती. खिडकी ही केवळ भिंतीतली पोकळी आहे. तिच्याबाहेर काय आहे यावर तिची किंमत ठरते, हा धडा मुंबईच्या घरगल्ल्यांनी फार लवकर शिकवला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांमध्ये ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची लक्षणे आढळली. त्यानंतरच्या महिन्यांत लक्षावधी लोक शहर सोडून गेले. बाजार ओस पडले, गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. सरकारने आणि नगरपालिकेने जे उपाय योजले, त्यांत रोग्यांना सक्तीने हलवणे, घरे धुणे, चुना फासणे हे होतेच. पण त्याबरोबर कौले काढून छपरे उघडी करणे आणि ऊन व हवा आत यावी म्हणून भिंतींना भोके पाडणे हेही होते. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. ज्या घरांना वर्षानुवर्षे एक झरोका मिळाला नव्हता, त्यांची छपरे एका दिवसात उघडी पडली.

या उपायांमागे त्या काळची एक दृढ समजूत होती. घाण, ओल आणि दाटी यांतून दूषित हवा उत्पन्न होते आणि तीच रोग पसरवते, असे अनेक डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना वाटे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. तरी तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे कोडे उलगडले नव्हते. तेव्हा कोंडलेली हवा मोकळी करणे हाच मोठा उपाय, असे ठरले. याच विचारातून १८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या वेळी लॉर्ड सँडहर्स्ट हे गव्हर्नर होते. नवे रस्ते काढणे, दाट वस्त्या मोकळ्या करणे, समुद्र हटवून जमीन मिळवणे आणि गरिबांसाठी आरोग्याला पोषक अशी घरे बांधणे, ही कामे ट्रस्टकडे सोपवण्यात आली. नागपाड्याची दाट वस्ती हे त्याचे एक आरंभीचे काम. पाठोपाठ प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड या योजना आल्या.

त्या काळचा समुद्र आजच्यापेक्षा जवळ होता. मरीन ड्राइव्हची भर पडण्यास अद्याप अवकाश होता. रेल्वेच्या रुळांपलीकडे लगेच किनारा होता. तेथपासून पूर्वेस सरळ रुंद रस्ता काढला, तर खारा वारा त्यातून थेट आतल्या वस्तीत शिरेल, अशी योजकांची अपेक्षा. मार्गात येणारी घरे विकत घेण्यात आली, पाडण्यात आली आणि पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे दोन्ही रस्ते आकारास आले. दक्षिणोत्तर विणलेल्या शहरात पूर्वपश्चिम धागे प्रथमच एवढ्या जोराने ओवले गेले.

योजना भव्य होती, पण तिच्या पोटात एक मोठा दोष होता. पाडणे झपाट्याने होई आणि बांधणे सावकाश. ज्यांची बिऱ्हाडे उठवली जात, त्यांना कामाच्या जागेपासून दूर जाणे परवडत नसे. ते शेजारच्याच गल्लीत, शेजारच्याच चाळीत शिरत. एका खोलीत एक कुटुंब होते तेथे दोन होत. नव्या रस्त्याच्या कडेला ज्या दुकानांच्या आणि बिऱ्हाडांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांचे भाडे उठवलेल्या माणसाच्या आवाक्यातले नव्हते. हवा यावी म्हणून ज्यांची घरे गेली, त्यांतील पुष्कळांच्या वाट्यास आणखी कोंदट घरे आली. ट्रस्टने पुढे चाळी बांधल्या. ‘बी. आय. टी. चाळ’ हे नाव मुंबईच्या बोलीत कायमचे रुजले. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कित्येक वर्षे वास्तव्य होते. परंतु उठवलेल्यांच्या गरजेपुढे ही घरे अपुरी पडली.

याच सुमारास शास्त्राने आपले मत बदलले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसू प्लेगचा वाहक असल्याचे प्रयोगाने दाखवले. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत त्याची कसून तपासणी केली. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवले. जमिनीवर मोकळे सोडलेले प्राणी आजारी पडत. पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी त्याच खोलीतील तीच हवा घेऊनही वाचत. हवा निर्दोष ठरली. ज्या रोगासाठी शहरात वाऱ्याचे रस्ते कापले, तो रोग वाऱ्याने येतही नव्हता आणि वाऱ्याने जाणाराही नव्हता.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. हा जंतू मात्र रोग्याच्या खोकल्याबरोबर बाहेर पडून बंद खोलीतील हवेत तरंगत राहतो. हवा बदलती असेल तर तो विरळ होतो, उन्हाने मरतो. म्हणजे खेळत्या हवेचा आग्रह बरोबर होता. ज्या रोगाच्या नावाने तो धरला गेला, तो रोग तेवढा चुकीचा होता. प्लेग ओसरला, पण चाळीतील खोकला ओसरला नाही.

येथे वाऱ्याच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रस्त्यातून वाहणारा वारा शेजारच्या घरात आपोआप शिरत नाही. हवा आत यावयाची तर ती बाहेर जाण्यासही वाट हवी. वाऱ्याच्या अंगास दाब वाढतो आणि पाठीमागच्या अंगास तो कमी होतो. दोन्ही अंगांस उघडी तोंडे असतील तरच खोलीतून झुळूक वाहते. एकाच भिंतीला खिडकी असलेल्या खोलीत बाहेर सोसाट्याचा वारा असला तरी आतली हवा फारशी हलत नाही. तसेच दोन इमारतींमधील अंतर त्यांच्या उंचीच्या मानाने फार कमी असले, तर वारा त्या घळीत उतरत नाही. तो छपरांवरून सरकत पुढे निघून जातो. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पडदे बांधून ठेवतो आणि तळमजल्यावरची गृहिणी पंख्याने तीच शिळी हवा ढवळीत बसते. यावरून असे दिसते, की रस्त्याची रुंदी हे हवेचे खरे माप होऊ शकत नाही. ते माप खालच्या मजल्यावरच्या खोलीपासून घ्यावयास हवे.

हे ओळखणारा अधिकारी ट्रस्टला मिळाला. जे. पी. ऑर हे १९०९ मध्ये ट्रस्टचे अध्यक्ष झाले. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतील घरांचा उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. हा कोन लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातही होता. त्याचा अर्थ सोपा आहे. घराच्या सर्वांत खालच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर वर चढत जाणारी एक रेषा साडेत्रेसष्ट अंशांनी काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर जाता कामा नये. गणित केले तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर मोकळे सुटते. समोर साठ फूट उंचीची इमारत असेल, तर मध्ये तीस फूट मोकळे आकाश. हवेविषयीची मोघम कळकळ या नियमाने पट्टीने मोजता येईल अशा आकड्यात आणली. घरमालकांना तो अर्थातच रुचला नाही, कारण सोडलेल्या प्रत्येक फुटाचे भाडे बुडत होते. ट्रस्टच्या स्वतःच्या जमिनीवर तो पाळवून घेता येई. जुन्या शहरात त्याचा अंमल बसवणे फार कठीण गेले.

ट्रस्टच्या पद्धतीवर दुसऱ्या बाजूनेही टीका झाली. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी अनेक भारतीय शहरांची पायी पाहणी केली. भरवस्तीतून सरळ रुंद रस्ता फाडीत नेणे त्यांना रानटीपणाचे वाटे. शस्त्रक्रिया हवी, पण शरीर राखून करावयाची, असे त्यांचे सूत्र होते. मोडकळीला आलेले एखादे घर काढावे, तेथे लहानसा चौक करावा, झाड लावावे, गल्लीचे वळण राखावे. म्हणजे थोड्या खर्चात, थोडी माणसे उठवून पुष्कळ हवा मिळते. उष्ण देशातील अरुंद गल्ली सावली देते, हेही ते विसरले नाहीत. ऑर यांचा कोन आणि गेडिस यांचा चौक यांत वरवर विरोध दिसला, तरी दोघांचे लक्ष अखेर राहत्या घराकडेच होते.

कोऱ्या जमिनीवर हे धडे गिरवणे सोपे होते. ट्रस्टने दादर, माटुंगा आणि शीव या भागांत जी वस्ती आखली, तिच्यात इमारती सुट्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या चोहो बाजूंस मोकळी जागा राहिली आणि मध्ये उद्याने आली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंग्याची दाक्षिणात्यांची वस्ती यांत राहावयास गेलेल्या मध्यमवर्गाला दोन अंगांस खिडक्या असलेले घर प्रथमच मिळाले. मरीन ड्राइव्हमागच्या चर्चगेटच्या भागातही ए रोड, बी रोड, सी रोड असे आडवे रस्ते समुद्राच्या दिशेने उघडे ठेवण्यात आले. मरीन लाईन्सच्या पश्चिमेची जिमखान्यांची मैदाने मोकळी राहिली, म्हणून तेथे समुद्राकडची बाजू अजून पुरती बुजलेली नाही. १९३३ मध्ये ट्रस्ट मुंबईच्या नगरपालिकेत विलीन झाला. तोपर्यंत ही कल्पना इतरत्र पोहोचली होती. कलकत्त्याचा ट्रस्ट १९११ च्या कायद्याने झाला. नागपूरचा सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आणि दिल्लीचा ट्रस्ट १९३७ मध्ये आला.

स्वातंत्र्यानंतर शहर पुन्हा वाढले, आणि या वेळी ते आकाशाच्या दिशेने वाढले. उंच इमारत वाऱ्याची शत्रूच असते असे नाही. सुटी उभी असली तर ती वरचा वारा खाली वळवून जमिनीवर आणते. कधी कधी इतक्या जोराने, की तिच्या कोपऱ्याशी छत्री धरवत नाही. पण उंच इमारती खेटून उभ्या केल्या, की मांडवीची घरगल्लीच पुन्हा अवतरते, फक्त तिची उंची वाढलेली असते. मुंबईच्या पूर्व उपनगरांत झोपड्या आणि रस्त्याकडेची घरे हटवलेल्या कुटुंबांसाठी ज्या पुनर्वसन वसाहती बांधल्या गेल्या, त्यांतील काही ठिकाणी सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरांच्या आसपास अंतर आहे. वीस मीटर उंचीच्या इमारतींना ऑर यांच्या नियमाने दहा मीटर अंतर लागले असते.

याचा परिणाम पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी. एम. जी. पी. कॉलनी या तीन वसाहतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेली पाहणी २०१८ मध्ये पुढे आली. घरात न येणारा उजेड, न खेळणारी हवा आणि क्षयरोग यांचा संबंध तिच्यात दिसून आला. ज्या दोन वसाहतींत इमारती अधिक दाटीने उभ्या आहेत तेथे स्थिती वाईट होती, आणि खालच्या मजल्यांवर ती विशेष वाईट होती. पक्की भिंत, नळाचे पाणी आणि स्वतंत्र संडास मिळालेल्या माणसाला येथे पहिल्या झोपडीत होती ती वाऱ्याची झुळूक मात्र मिळेनाशी झाली. १८९८ मध्ये घर पाडताना जे घडले, ते येथे घर देताना घडले.

या साऱ्या इतिहासात वारा बदललेला नाही. आजही दुपार कलली की तो पश्चिमेकडून येतो आणि पटेल मार्गाच्या तोंडातून आत शिरतो. बदलत गेला तो त्याच्या वाटणीचा हिशेब. एक इमारत जेवढी उंच जाते, तेवढा वारा ती आपल्या मागच्या घरापासून घेते. त्याची भरपाई अंतर सोडूनच करता येते, आणि ते अंतर कोणी आपखुशीने सोडीत नाही. म्हणून त्याचा नियम करावा लागतो. त्या नियमाची रेषा कोठून काढावयाची, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतच सांगून झाले आहे. ती तळमजल्यावरच्या खोलीच्या पायथ्यापासून काढावयाची असते.